अळणी भात

सावकाश वाचा. मन जिथे अडेल तिथे थांबा.

1736 सालचं गोव्यातल्या साष्टीतलं एखादं गाव डोळ्यांपुढे आणा. इथल्या घरांचा बाप्तिस्मा होऊन दीडएकशे वर्षं उलटली आहेत. कुठ्ठाळीचा देव मंगेश तेव्हाच जुवारीपार प्रियोळला नेला गेला. ज्यांना जमीन सोडवली नाही ती माणसं मागे राहिली आणि ख्रिस्ती झाली. आता त्यांचे वंशज रविवारी मिसाला जातात, चर्चच्या फेस्ताचा खर्च गांवकरच उचलतात. त्यांच्या श्रद्धेत खोट शोधू नका.

आता त्यांच्या घरात या. याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायासनाने, मनाई केलेल्या चालीरीतींची लांबलचक यादी जाहीर केली. लग्नात नवरानवरीला हळद, तेल, नारळाचं दूध लावायचं नाही. पानं-फुलं वाटायची नाहीत. अंगणातली तुळस उपटायची. आणि हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवायचा नाही.

या शेवटच्या कलमापाशी जरा बसा. रोज संध्याकाळी क्रुसासमोर प्रार्थना म्हणणारी एखादी बाई चुलीवर भात चढवते आणि त्यात मीठ घालत नाही. तिला कोणताही धर्म मोडायचा नाही. आईने असाच शिजवला, आजीनेही. तिचा हात मिठाकडे वळतच नाही. न्यायासनाला त्या हातात जुना धर्म दिसला. तुम्हाला काय दिसतं? उत्तराची घाई करू नका. तुमच्या स्वतःच्या हातांना कोणत्या सवयी आहेत, त्या कुठून आल्या, तेही आठवून पाहा.

मग हेही मनात आणा. याच साष्टीत, रायतूरला, 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. मराठीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या. चर्चमध्ये ते वाचलं जाई आणि लोक ख्रिस्ताची कथा ओवीतून ऐकत. नवा देव जुन्या चालीत येतो, हे गावाला चर्चनेच दाखवलं होतं. पुढे 1684 मध्ये लोकभाषा तीन वर्षांत सोडण्याचा सरकारी हुकूम निघाला, तरी गावं आपल्याच बोलीत बोलत राहिली. त्या बाईने विसंगत असं काहीच केलं नव्हतं, असं मला ठामपणे वाटतं.

गोव्यातल्या कॅथलिक लग्नघरी आजही नवरानवरीला नारळाच्या दुधाचा रोस लावतात. तो पाहाल तेव्हा ‘हे मूळचं आमचंच’ म्हणून त्यावर हक्क सांगू नका आणि लावणाऱ्यांना अर्धेमुर्धे ख्रिस्तीही समजू नका. ती माणसं पूर्ण ख्रिस्ती आहेत आणि रोसही पूर्णपणे त्यांचा आहे.