चाचांची वही

सरांकडे 1968 सालची फियाट होती. तेव्हा ती ‘डिलाइट’ म्हणून विकली जायची. पुढे तिचीच ‘प्रेसिडेंट’ झाली आणि मग ‘पद्मिनी’. वडिलांनी घेतलेली आणि वडिलांनीच जपलेली. ते गेल्यावर वाटणीत भावाने ठेवी घेतल्या, सरांनी गाडी घेतली. भाऊ शहाणा निघाला, असं सरांच्या बायकोचं मत होतं.

अशी गाडी चालवणं सोपं असतं, तिला पार्ट मिळवणं हा खरा उद्योग. मुंबईत पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी धावत होत्या तोवर चिंता नव्हती. दुकानदार माल भरायचे ते हौशी लोकांसाठी नव्हे, टॅक्सीवाल्यांसाठी. हजारो गाड्या रोज झिजायच्या म्हणून रोज गिऱ्हाईक असायचं, आणि त्या गर्दीत सरांसारख्यांचंही भागायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. सरांना ते वाचवेनात. आता बुश कोण ठेवणार आणि ब्रेकचे वॉशर कोण ठेवणार, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

अशा वेळी त्यांना शेठ भेटला, तोही फोनवर. या शेठकडे सगळं होतं. चाकाचे ब्रेक सिलिंडर? आहेत. कार्बोरेटरचा किट? आहे. दाराचं रबर, मीटरची केबल, डिकीचं कुलूप? “सर, तुम्ही फक्त नाव घ्या.” फोटो पाठवायचा, अर्धे पैसे आधी घ्यायचा, तिसऱ्या दिवशी पार्सल दारात. डब्यावर चकचकीत स्टिकर आणि त्यावर ठळक ‘ओरिजिनल’. सरांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं की मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. पण शेठ इतक्या आपुलकीने बोलायचा, की व्हर्नियर कपाटातच राहिला.

महिन्याभराने सासवडहून येताना दिवे घाटात ब्रेकचा पेडल दाबला तो थेट तळाला गेला. सरांनी गाडी दुसऱ्यात टाकली, हँडब्रेक ओढला आणि वळणावरच्या मातीत कशीबशी थांबवली. खाली उतरून पाहिलं तर पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने ब्रेक ऑइल गळून टायर ओला झाला होता. बायको शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

मिस्त्रीने सिलिंडर उघडला आणि आतला वॉशर सरांच्या तळहातावर ठेवला. फुगून त्याची कड भजीसारखी वाकडी झाली होती. “हा कुठून आणला? सर, नाना पेठेत चाचांकडे जा. पण एक सांगतो, तो माणूस आधी नाहीच म्हणतो.”

चाचांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधला बोळ, त्याला शटर लावलेलं. आत जायला आडवं व्हावं लागे. सरांनी यादी काढली.

“नाही,” चाचा म्हणाले. दुसऱ्या ओळीलाही नाही. तिसऱ्या ओळीवर ते थांबले. “जुना वॉशर आणलाय?”

सरांनी तो फुगलेला वॉशर पुढे केला.

“हा नव्हे. याच्या आधीचा. गाडीतून निघाला तो.”

तो सरांनी फेकून दिला होता. चाचांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. “तुम्ही शिकलेले लोक आजार बरा करायला येता आणि रिपोर्ट फाडून येता.” मग ते म्हणाले, “चाकावरून सिलिंडर काढून आणा. बोअर मोजल्याशिवाय मी काही देत नाही.”

सिलिंडर घेऊन सर दुसऱ्या दिवशी गेले. चाचांनी बोअरमध्ये बोट फिरवलं, व्हर्नियर लावला आणि कागदावर आकडा लिहिला. मग डब्यातून एक नवा वॉशर काढला. तो आणि शेठकडून आलेल्या किटातला एक न वापरलेला, असे दोन्ही मोजले. काचेच्या दोन पेल्यांत ब्रेक ऑइल ओतलं आणि एकेकात एकेक टाकला. “उद्या या.” खरं तर कुठला चांगला, हे चाचांना तेव्हाच कळलं असणार. पण स्वतःच्या मालाचीही परीक्षा ते गिऱ्हाइकासमोर घेत. सर भौतिकशास्त्राचे, त्यांना ही गंमत आवडली. तिसऱ्या दिवशी शेठचा वॉशर जवळजवळ दीड मिलिमीटरने फुगला होता आणि चाचांचा होता तसाच. “ब्रेक ऑइलला चालणारं रबर वेगळं असतं, इंजिन ऑइलला चालणारं वेगळं. दिसायला दोन्ही काळीच.”

त्या दिवसापासून सर दर पंधरवड्याला नाना पेठेत दिसू लागले.

चाचांचा खरा माल शटरमागे नव्हताच, एका लांबट वहीत होता. कोणाकडे कोणती गाडी, कोणत्या साली काय बदललं, कोणाच्या माळ्यावर काय पडलंय, सगळं त्यात. पार्ट दुकानात नसला की चाचा वही उघडत आणि फोन लावत: “मिरजेच्या डॉक्टरांकडे मागचा दिवा आहे. विकणार नाहीत, पण तुमच्याकडचं ग्रिल दिलंत तर बदली देतील.” जुन्या गाड्यांचं जग हे असं देवघेवीवर चालतं.

“सर, तुमच्या घरी काय काय आहे?” पहिल्याच आठवड्यात चाचांनी विचारलं होतं, पेन उघडून.

“काही नाही,” सर पटकन म्हणाले.

सरांच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. वडिलांनी टॅक्स्यांच्या भरभराटीत जमवलेला ऐवज तिच्यात होता आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला किंगपिनचा एक कोरा सेटही. पण जुनी गाडी बाळगणारा माणूस ट्रंकेबद्दल बोलत नाही. एकदा सांगितलं की लोक मागायला येतात. चाचांनी सरांकडे एकदा पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा मागवला.

एका शनिवारी सर दुकानात बसले असताना साताऱ्याहून एक मुलगी आली. नर्स होती. वडिलांची पद्मिनी, वडील अंथरुणाला खिळलेले. गाडी घराबाहेर काढली तर त्यांना तिचा आवाज ऐकू येतो, एवढ्यासाठी तिला ती चालू ठेवायची होती. स्टिअरिंग थरथरतं म्हणाली. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं की खडखडतं, असं मिस्त्रीने दाखवलंय, किंगपिन गेलेत. तिने दोनदा पैसे पाठवले होते. एकदा आले ते पिन बसलेच नाहीत, दुसऱ्यांदा काही आलंच नाही. ज्याने पाठवले त्याचं वर्णन तिने केलं: फार गोड बोलतो, सगळं आहे म्हणतो. सरांनी मान खाली घातली.

चाचांनी वही चाळली. पानामागून पान. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी डोळे वर केले नाहीत.

“नाही बेटा,” ते म्हणाले. “आज तरी माझ्याकडे नाही. नंबर लिहून जा.”

घरी येऊन सरांनी जॅक काढला. स्वतःच्या गाडीची दोन्ही चाकं उचलून हलवून पाहिली. जराही प्ले नव्हता. वडिलांनी बदललेले किंगपिन अजून वीस वर्षं चालले असते, आणि सर आता सदुसष्ट वर्षांचे होते. जेवताना बायकोने विचारलं, आज शेठला शिव्या देणं नाही वाटतं? सर म्हणाले, नाही.

सोमवारी त्यांनी ती पुडी चाचांच्या काउंटरवर ठेवली. चाचांनी वर्तमानपत्र सोडलं. आतला तेलकट तपकिरी कागद उलगडला. पिना, बुश, शिमा, सगळं बरोबर. कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने किंमत लिहिलेली होती. तिच्यातला सात आडव्या रेघेचा. तसा सात सरांनी गेल्या वर्षभरात शंभरदा पाहिला होता, चाचांच्या बिलांवर.

“तुमचे वडील दोन सेट घेऊन गेले होते,” चाचा म्हणाले. “एक बसवला. दुसरा ठेवला असणार, तो माणूसच तसा होता.”

“मग त्या दिवशी तिच्यासमोर बोलला का नाहीत?”

“वस्तू तुमची. तुम्ही नाही म्हणालात, तर माझ्यासाठी नाही.”

त्यांनी वही उघडून सरांपुढे सरकवली. सरांचं नाव, पत्ता, गाडीचं साल, आणि खाली एकच ओळ: ‘घरात काही नाही, असं म्हणतात.’

सर बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. चाचांनी साताऱ्याचा नंबर फिरवला, मग फोन खांद्याने कानाशी धरून पेन उघडलं, ‘काही नाही’ खोडलं आणि शेजारी लिहिलं: ‘किंगपिन सेट 1. दिला.’

“आणखी?” त्यांनी विचारलं.

सर स्टुलावर बसले. “पुढच्या दिव्यांच्या रिंगा, दोन. डाव्या दाराची काच. डिस्ट्रिब्युटरची कॅप, बहुतेक तीन आहेत, बघून सांगतो...”

चाचांनी पान उलटलं.