गडी वाटताना

उन्हाळ्याच्या सुटीत अनसिंगला संध्याकाळ उतरू लागली, की आमच्या गल्लीतली पोरे एकेक करून ओट्यापुढे जमतात. दिवसभर तापलेली जमीन अजून वाफ सोडत असते. पण खेळाला ऊन लागत नाही. यंदाच्या मे महिन्यात मी अंगणात बाज टाकून बसलो होतो आणि पुण्याहून आलेली माझी नात चिमी पायरीवर बसून पोरांचे गडी वाटणे पाहत होती. गडी वाटण्याची आमची पद्धत फार जुनी आहे. दोघे नायक एका बाजूला उभे राहतात. उरलेल्यांपैकी सारख्या जोराची दोन-दोन पोरे जोडीने दूर जातात, कानात काही कुजबुजतात आणि गळ्यात हात घालून परत येतात. ‘कोन घेते आंबा, कोन घेते चिच?’ नायक म्हणतो, ‘आंबा!’ आणि मगच कळते की आंबा म्हणजे कोण. निवड तर झाली, पण कोणी कोणाला नाकारले नाही. ज्याला ‘चिंच’ म्हणून सोडले, तोही हसतच पलीकडे जातो.

चिमी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आबा, आमच्याकडे असं असतं तर किती बरं झालं असतं!”

‘आमच्याकडे’ म्हणजे तिच्या यंत्रमानवांच्या स्पर्धेत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी नातवंडे नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अमेरिकेतील संशोधक डीन केमन यांनी १९८९ साली ‘फर्स्ट’ नावाची संस्था काढली. मुलांना जसे खेळाचे वेड असते तसे यंत्रविद्येचे लागावे, हा तिचा हेतू. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमध्ये २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. आता हे लोण जगभर पसरले आहे आणि आपल्या पुण्या-मुंबईची मुलेही त्यात रमली आहेत. सरकारनेही २०१६पासून शाळाशाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उघडल्या. त्यामुळे मोटर, चाके आणि तारा यांच्याशी झटापट करणारी पोरे आता लहान गावांतही दिसतात.

या स्पर्धेतली एक गंमत मला फार आवडली. चिमीच्या गटात सामना अडीच मिनिटांचा असतो आणि मैदानात दोन विरुद्ध दोन असे संघ उतरतात. प्राथमिक फेऱ्यांत जोडीदार कोण, हे आपल्या हाती नसते. सकाळी जो संघ आपल्या खांद्याला खांदा लावून लढला, तोच दुपारी समोर उभा असतो. म्हणजे येथपर्यंत सारा आंबा-चिंचेचाच कारभार! पण फेऱ्या संपल्या की वरच्या क्रमांकाचे संघ नायक होतात आणि भर सभेत, सगळ्यांच्या देखत, आपापला साथीदार पुकारतात. याला ते ‘अलायन्स’ म्हणतात. मराठीत ‘युती’ म्हणावे, तर आपल्याला निवडणूक आठवते आणि जीव दचकतो. म्हणून मी आपला ‘सावड’ म्हणतो. त्याचे कारण पुढे येईलच.

आता चिमीची हकीकत. यंदा पुण्याला झालेल्या एका स्पर्धेत ती संघाची नायक होती. पहिल्याच दिवशी त्यांच्या यंत्राची बॅटरी दगा देऊ लागली. जवळची दुसरीही गेली. शेजारच्या टेबलावर एका लहान गावातून आलेला संघ होता. त्यांनी न मागता आपली जादा बॅटरी पुढे केली. संध्याकाळी त्यांच्यातली एक मुलगी चिमीला म्हणाली, “उद्या तुम्हांला निवडायची पाळी आली, तर आम्हांला घ्याल ना?” चिमी म्हणाली, “हो, घेऊ की!”

दुसऱ्या दिवशी चिमीच्या संघाचा दुसरा क्रमांक आला. निवडीपूर्वी साऱ्या पोरांनी आपापल्या वह्या उघडल्या. कोणता यंत्रमानव काय करतो, कुठे अडखळतो, याची टिपणे ही मुले दिवसभर करीत असतात. त्यांत स्वच्छ दिसत होते, की बॅटरीवाल्यांचे यंत्र आणि चिमीचे यंत्र ही जणू जुळी भावंडे. दोघेही उंच टोपलीत ठोकळे टाकण्यात तरबेज आणि दोघांनाही शेवटी दांड्यावर चढून लोंबकळता येत नव्हते. चढणारे यंत्र तिसऱ्याच एका संघाकडे होते. दहा-बारा पोरांचे एकमत झाले. चिमीने सभेत तिसऱ्याचे नाव पुकारले. त्यांना दुसरे बक्षीस मिळाले.

“हरलो असतो तर बरं झालं असतं, आबा,” ती म्हणाली. “आणि अंतिम सामन्याआधी त्या मुलीनं पुन्हा बॅटरी आणून दिली. काही न बोलता.”

मी जन्मभर मास्तरकी केली. मुलांच्या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई ही त्या धंद्याची खोड. तरी त्या संध्याकाळी मला चटकन काही सुचले नाही. कारण मला माझ्या वडिलांची आठवण झाली होती.

तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. आमच्याकडे एकच बैल उरला होता. शेजारच्या मामांकडेही एकच होता, तोही म्हातारा. दोघांनी सावड केली. दोन बैल मिळून एक जोडी, आज तुमची तिफण, उद्या आमची. मृगाचा पाऊस पडला, वाफसा झाला आणि पेरणीच्या तोंडावर गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा निरोप आला. त्यांच्या जोडीतला एक बैल पान लागून गेला होता. त्यांचा उरलेला खोंड आमच्या बैलाशी जुंपावा, असे त्यांचे म्हणणे. खोंड असा, की दोन दिवसांचे काम एका दिवसात उरकावे. वडील म्हणाले, “त्याले म्या शब्द देला हाय. ढोर मोठं का शब्द मोठा?” आणि ते मामांच्या म्हाताऱ्या बैलाबरोबरच पेरीत राहिले. मामांचे शेत आधी झाले. आमच्या शेताची पाळी येईपर्यंत वाफसा उडाला. त्या वर्षी ज्वारी विरळ आली आणि आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या.

ही गोष्ट मी वर्गात कितीतरी वेळा सांगितली आहे. वचन कसे पाळावे याचा धडा म्हणून. पण त्या संध्याकाळी चिमीपुढे ती सांगता सांगता माझ्या प्रथमच ध्यानात आले, की शब्द वडिलांनी दिला होता आणि पाटल्या आईच्या गेल्या होत्या. आईला कोणी विचारले नव्हते.

येथे माझ्या मते प्रश्नाची खरी गाठ आहे. वचन पाळणे थोर खरे. पण ते थोर असते ते त्याची किंमत पाळणारा स्वतः भरतो म्हणून. चिमीने बॅटरीचे उपकार स्मरून त्या मुलीचा संघ निवडला असता, तर औदार्य तिचे दिसले असते आणि किंमत मात्र वर्षभर रात्री जागून स्क्रू पिळणाऱ्या दहा-बारा पोरांनी भरली असती. नायकाच्या हातातली निवड ही त्याची खासगी मिळकत नव्हे. ती ठेव आहे. ठेवीतून दान करू नये, हे आपल्याकडे अडाणी माणसालाही कळते. पतपेढीचा चेअरमन जर म्हणू लागला, की अमक्याने माझ्या अडचणीला मदत केली म्हणून त्याला कर्ज दिले, तर आपण त्याला कृतज्ञ म्हणणार नाही. दुसराच शब्द वापरू.

महाभारतात या गोष्टीची दोन चित्रे आहेत. द्वारकेला अर्जुन आणि दुर्योधन दोघेही कृष्णाकडे साह्य मागायला गेले. एका बाजूला अफाट नारायणी सेना आणि दुसऱ्या बाजूला शस्त्र न धरणारा एकटा कृष्ण. अर्जुनाने कृष्ण मागितला आणि दुर्योधनाला मनातून आनंद झाला. सैन्य अर्जुनालाही मिळालेच असते. पण आपल्यात काय उणे आहे, हे त्याने ओळखले होते. बाण मारणारे त्याच्याकडे होते. रथ कोठे न्यायचा हे सांगणारा नव्हता. साथीदार निवडावा तो असा. आपल्यासारखा दुसरा शोधणे म्हणजे आरशाशी सोयरीक करणे. २००८ साली पुण्याला आशियाई देशांच्या महाविद्यालयीन यंत्रमानवांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा भरली, तेव्हा तिचा विषयच ‘गोविंदा’ होता. यंत्रांनी टांगलेल्या मडक्यांतले लोणी काढायचे! दहीहंडीचे थर लावताना सगळेच हलकेफुलके घेतले तर खाली कोण उभा राहणार? तेव्हा चिमीने चढणारा घेतला, यात बुद्धीची चूक नव्हती आणि नीतीचीही नव्हती.

दुसरे चित्र कर्णाचे. भर रंगमंडपात सारे हसत असताना दुर्योधनाने त्याला अंगदेशाचे राज्य दिले. त्या एका उपकारापोटी कर्णाने आपला पक्ष कायमचा ठरवून टाकला. त्याच्या कृतज्ञतेपुढे आपण आजही मान लववतो. पण त्या कृतज्ञतेने द्रौपदीच्या विटंबनेच्या वेळी त्याला कोठे नेऊन उभे केले, हेही विसरता येत नाही. उपकार फेडावेत ते आपल्या घामाने, आपल्या पैशाने, आपल्या वेळाने. आपला न्याय उपकारकर्त्याच्या हवाली करणे म्हणजे उपकाराला किंमतीची चिठ्ठी लावणे होय.

एवढे ऐकून चिमीचा चेहरा उजळायला हवा होता. पण तो उजळला नाही. मुले आपल्यापेक्षा शहाणी असतात. “मग मला अजून टोचतं का?” तिने विचारले.

टोचते, कारण चूक झालीच होती. पण ती निवडीच्या दिवशी नव्हे, आदल्या संध्याकाळी. ‘हो, घेऊ की!’ हे तीन शब्द किती स्वस्त होते! ते चिमीचे एकटीचे नव्हते, संघाचे होते. आणि संघाला न विचारता ते तिने देऊन टाकले. आपण सारेच असे करतो. लग्नघरी भेटलेल्या माणसाला ‘मुलाच्या नोकरीचं बघतो’ म्हणतो, शेजाऱ्याला ‘येईन’ म्हणतो. समोरच्याचा चेहरा क्षणभर फुलावा एवढाच त्यामागचा हेतू. आपण ते विसरतो. तो मात्र उराशी धरून घरी नेतो. खोटे बोलणाऱ्याने जितकी मने मोडली असतील, त्याहून अधिक गोड बोलणाऱ्याने मोडली आहेत.

आणि दुसरी चूक सभेपूर्वीच्या अर्ध्या तासातली. वह्या मिटून निर्णय झाला, तेव्हा चिमीने चार पावले चालून त्या टेबलापाशी जायला हवे होते. ‘काल मी बोलले ते मला बोलायचा अधिकार नव्हता. आम्ही दुसऱ्यांना घेणार आहोत,’ एवढे सांगायला हवे होते. ती गेली नाही. धीर झाला नाही. त्यामुळे त्या पोरीला ते साऱ्या सभेबरोबर, टाळ्यांच्या कडकडाटात कळले. नकाराने माणूस दुखावतो. पण नकार चव्हाट्यावर कळला, की तो अपमान होतो.

या स्पर्धेत एक चमत्कारिक नियम आहे. नायकाने पुकारलेला संघ ‘नको’ म्हणू शकतो. पण एकदा ‘नको’ म्हटले की मग दुसरा कोणी त्याला घेऊ शकत नाही. तो स्वतःच नायक होण्याइतका वर असेल तरच तरला. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. अधिक बऱ्या स्थळाच्या आशेने आलेला हात झिडकारणाऱ्याला त्याने चाप बसतो. म्हणजे नियमाने नकाराला किंमत ठेवली आहे. पण आदल्या संध्याकाळी दिलेल्या होकाराची नियमाला गंधवार्ता नाही. तो मोडला तर एकही गुण कापला जात नाही. पुस्तकातले नियम संपतात तेथे माणसाचे नियम सुरू होतात. त्या संस्थेच्या थोरांपैकी एक, मॅसॅच्युसेट्सचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स, २०१९ साली वारले. जीव तोडून झुंजावे आणि तरी दुसऱ्याचा मान राखावा, ही शिकवण त्यांनी या खेळात रुजवली. प्रतिस्पर्ध्याला बॅटरी देणाऱ्या त्या लहान गावच्या पोरीला ती कोणी समजावून द्यावी लागली नसेल.

कोणी म्हणेल, पोरांचा खेळ तो; त्यात एवढे काय? पण आपण सारे निवडायला शिकलो ते खेळातच. पुढे जावई निवडले, सरपंच निवडले, सोसायटीचे संचालक निवडले. हात तोच होता. आणि नाकारले जाण्याचे पहिले दुःखही आपण अंगणातच चाखले. म्हणून तर आमच्या पूर्वीच्या कोणा शहाण्या पोराने आंबा-चिंचेची युक्ती काढली असावी. संध्याकाळच्या खेळाला ती पुरते. आयुष्यात मात्र झाकल्या डोळ्यांनी निवडून भागत नाही; डोळे उघडे ठेवून निवडावे लागते आणि ज्याला सोडले त्याच्या डोळ्यांत पाहावेही लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी ओट्यावर फोन कानाला लावून बसलेली दिसली. पलीकडचे मला ऐकू येत नव्हते. हिचेच काही तुकडे कानावर पडले. “हो... नाही, तुम्हांला घ्यायला हवं होतं असं नाही म्हणत मी... हो. सांगायला हवं होतं. तेच सांगायला फोन केला.” मग बराच वेळ शांतता. आणि मग दोघी यंत्राच्या दांड्यावर चढण्याच्या कसल्याशा स्प्रिंगविषयी इतक्या भरभर बोलू लागल्या, की मला त्यातले एक अक्षरही कळेना.

मी उठून आत आलो. भिंतीवर आईचा जुना फोटो आहे. त्यात तिचे हात दिसतात. मी बराच वेळ त्या हातांकडे पाहत उभा राहिलो.