न दिसणारा सांधा

कृतीचें बरेंवाईट तिच्या परिणामावरून ठरवावें कीं कर्त्याच्या हेतूवरून, हा नीतिशास्त्रांतील जुना वाद आहे. परंतु ज्या कामाचा दोष कामाच्या पोटांतच दडून राहतो, तेथें या दोन्ही कसोट्या थिट्या पडतात. वेल्डिंग करणाऱ्या कारागिराचें काम हें असें आहे.

आमचें मानवत हें कापसाच्या बाजाराचें गांव. हंगामांत शीग भरलेल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरमागें रांगेनें येतात. रिकाम्या परततांना त्यांत पुष्कळदां मजूर बायाही बसलेल्या असतात. ट्रॉलीचा पुढचा दांडा ज्या सांध्यानें धरलेला असतो त्यावर रंगाचा हात फिरला कीं सगळे सांधे सारखेच दिसतात. वितळलेला धातु मुळापर्यंत उतरला आहे, कीं वरच्यावर चिकटला आहे, हें गिऱ्हाइकास कळण्याचा मार्ग नाहीं. कारागिरास मात्र तें कळतें. निदान संशय तरी येतो. त्या घटकेस त्या ज्ञानाचा तोच एकटा धनी असतो.

असा एक सांधा न्यायासनापुढें गेला, तो शर्यतीच्या मोटारीचा. 1 मे 1994 रोजीं इटलींतील इमोला येथें आयर्टन सेना हा ब्राझीलचा विख्यात चालक भिंतीवर आदळून मरण पावला. बसण्याची जागा अपुरी पडते म्हणून त्याच्या विल्यम्स मोटारीच्या सुकाणूचा दांडा कापून मध्यें कमी व्यासाची नळी वेल्डिंगनें बसविली होती. जाडी जेथें एकाएकीं बदलते तेथें ताण गोळा होतो आणि धातु हळूहळू चिरत जातो. या दांड्यांतही तशा चिरा आढळल्या. 1997 सालीं सर्व आरोपी निर्दोष सुटले. पुढें 2007 सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें दांडा तुटल्यानेंच अपघात झाला, फेरफार रचनेंत तसाच कृतींतही सदोष होता, आणि त्यावर देखरेख न ठेवल्याचा दोष पॅट्रिक हेड यांचा, असा निर्णय दिला; मुदत टळून गेल्यामुळें शिक्षा झाली नाहीं. आरोपींत मालक होते, अभियंते होते, शर्यतीच्या मार्गाचे अधिकारी होते. सांधा करणारा कारागीर नव्हता.

हें मला एका अर्थीं योग्यच वाटतें. घाई ज्यानें लादली त्यानें हाताकडे बोट दाखवून सुटूं नये. पण कृति सदोष म्हणावयाची आणि कर्त्याचा विचारच करावयाचा नाहीं, यांत कारागिराची सुटका आहे तसा त्याचा अपमानही आहे: जणूं तो हात आहे, माणूस नव्हे! याच मोटारीचे रचनाकार एड्रियन न्यूई आरोपमुक्त झाले. दांड्यामुळेंच अपघात झाला असें त्यांना वाटतही नाहीं. तरी 2017 सालच्या आपल्या आत्मवृत्तांत ते म्हणतात कीं अपघाताचें कारण कांहींही असो, ती रचना वाईटच होती आणि मोटारीवर चढावयासच नको होती. परिणामाची वाट न पाहतां स्वतःच्या कामाचा असा निवाडा करणारे थोडे.

आपल्याकडे इंदूरजवळ पीथमपूर येथें 2007 पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची ‘बाजा’ नांवाची स्पर्धा सुरू झाली. महाराष्ट्रांतील अनेक महाविद्यालयें तींत उतरलीं आहेत. मुलें स्वतः लहान मोटार बांधतात, आणि चालकाभोंवतीं पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. या स्पर्धेचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. पिंजऱ्याचे सांधे जो करील त्यानेंच, त्याच नळीचे दोन नमुने स्वहस्तें करून द्यावयाचे. एक बळानें तोडतात. तेव्हां नळी फाटावी, सांधा सुटूं नये. दुसरा उभा चिरून धातु किती खोल उतरला तें पाहतात. नमुना मन लावून करतां येतो आणि खरा पिंजरा आदल्या रात्रीं पेंगत, हें मी जाणतों. तरीहि तेथें हाताला नांव आहे.

मानवतच्या ट्रॉलीवाल्यास असा नियम कोणी घालून दिलेला नाहीं, आणि भाव ठरवितांना गिऱ्हाईक मजुरींत घासाघीस करतें. दोन तुकडे जोडून एक चिरून पाहावयास त्याला फार तर अर्धा तास लागेल; तेवढ्या अर्ध्या तासाची मजुरी गिऱ्हाइकानें द्यावी, असें मला वाटतें.