खरे उत्तर आणि खरी साक्ष

उत्तर बरोबर निघाले म्हणजे ते सांगताना झाकून ठेवलेली गोष्ट क्षम्य ठरते काय? पदार्थविज्ञानाच्या इतिहासातील एक प्रसंग या प्रश्नाचा विचार करावयास लावतो.

इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन यांना 1906 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या कणावरील विद्युतभार किती, हे शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट मिलिकन यांनी अचूकतेने मोजले. धातूच्या दोन तबकड्यांमध्ये तेलाचे सूक्ष्म थेंब सोडून, विजेच्या ओढीने त्यांची गती किती बदलते हे ते पाहत. प्रत्येक थेंबावरील भार एकाच लहानतम भाराच्या पटीत निघाला. 1923 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्यात या कार्याचा वाटा होता.

1913 च्या निबंधात त्यांनी 58 थेंबांची मोजमापे दिली आणि लिहिले की हे निवडलेले थेंब नसून सलग 60 दिवसांत तपासलेले सर्व थेंब आहेत. त्यांच्या निधनानंतर अभ्यासकांनी वह्या पाहिल्या, तेव्हा त्या काळातील आणखी कितीतरी थेंबांच्या नोंदी आढळल्या.

न्यायाने पाहता, थेंब वगळणे हा अपराध नव्हे. हवा हलली, उपकरण बिघडले, तर मोजमाप बाजूला ठेवावेच लागते. त्या थेंबांनी उत्तर फारसे बदललेही नसते. त्यात राहिलेली एका टक्क्याहून कमी चूक मुख्यतः हवेच्या चिकटपणाचा आकडा चुकीचा धरल्याने आली. दोष 'सर्व' या एका शब्दात आहे. पारख करण्याचा वाचकाचा हक्क त्या शब्दाने हिरावला.

आपल्या मुहद्दिसांनी हा भेद ओळखला होता. कथनाच्या साखळीतील उणीव झाकण्याला त्यांनी 'तदलीस' हे नाव दिले. मजकूर खरा असू शकेल, तरी तदलीस करणाऱ्या रावीचे संदिग्ध शब्द ते पारखल्यावाचून स्वीकारीत नसत. विक्रीच्या मालातील खोट लपवण्यालाही फिकहमध्ये हाच शब्द आहे.

स्थळाची माहिती देताना, वारशाची वाटणी करताना, माल दाखवताना आपणही म्हणतो, 'सगळे सांगितले.' काही वगळले असेल तर ते कारणासह सांगावे. साक्ष ही अमानत आहे. ऐकणारा आपल्या शब्दावर मुलगी देतो, जमीन सोडतो, पैसे मोजतो. आपण वगळलेली पाने त्याला दिसत नाहीत, अल्लाहला दिसतात.