थेंब कुणावर पडतो?

आमच्या धर्मगुरुनिवासाच्या ओसरीच्या कोपऱ्यात एक जुनी बुलेट मोटारसायकल उभी असते आणि तिच्याखाली पत्र्याचा एक उथळ ट्रे ठेवलेला असतो. गाडी आमच्या आधीच्या धर्मगुरूंनी मागे ठेवली. ट्रे आम्ही ठेवला. रोज सकाळची मिस्सा आटोपून परतताना त्या ट्रेत नजर टाकण्याची आम्हाला सवय जडली आहे. काळसर तेलाचे दोन-तीन थेंब तेथे असतातच. निवासावर येणारी तरुण मंडळी विचारतात, "फादर, ही गळती एकदाची दुरुस्त का करून घेत नाही?" प्रश्न साधा आहे; परंतु त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही यंत्रशास्त्रातून नीतिशास्त्रात केव्हा येऊन पोहोचलो, हे आमचे आम्हालाच कळले नाही. जो दोष पूर्णपणे जात नाही त्याच्यासह जगावे कसे? आणि त्याहून अवघड असे की, कोणता दोष सोसावा आणि कोणता मुळीच सोसू नये, हे ठरवावे कसे?

प्रथम यंत्राविषयी थोडेसे. आमची बुलेट मूळची इंग्लंडातील रेडिच गावची. १९५५ साली मद्रास मोटर्स या कंपनीशी झालेल्या करारानंतर ती मद्रासला तयार होऊ लागली आणि तिचे ते जुने ओतीव लोखंडी इंजिन थोड्याफार फरकाने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चालत राहिले. त्या पिढीच्या बहुतेक ब्रिटिश इंजिनांची खालची पेटी उभ्या रेषेत दुभंगलेली असे. दोन अर्धे एकमेकांना जोडून बोल्टांनी आवळायचे. अशा सांध्याचा तळचा भाग तेलाच्या सतत संपर्कात राहतो. त्यातच दट्ट्या खाली येतो तेव्हा पेटीतील हवा दाबली जाते, वर जातो तेव्हा ती ओढली जाते. मिनिटाला हजारो वेळा हा खेळ चालतो. ही हवा बाहेर जाण्यासाठी ब्रीदर नावाची वाट ठेवलेली असते. ती पुरेशी मोकळी नसली तर दाब जिथे सांधा कच्चा असेल तिथून तेलाला बाहेर ढकलतो. कागदाची आणि बुचाची पॅकिंगे, तापून प्रसरण पावणारे आणि निवून आकसणारे निरनिराळे धातू, आणि थरथर. इतके सगळे एकत्र आल्यावर तेलाने घरातच राहावे ही अपेक्षा जरा अधिकच म्हणावी लागेल. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या शौकिनांत एक विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: गाडीखाली तेल दिसेनासे झाले, तर गळती थांबली असे समजू नये, तेल संपले असे समजावे.

या विनोदात जे शहाणपण आहे त्याच्या जवळपासचे काही आपल्या ख्रिस्तसभेनेही फार पूर्वी सांगून ठेवले आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियसचे अनुयायी म्हणत की, मनुष्याने निश्चय केला तर तो स्वतःच्या बळावर निष्पाप राहू शकतो. संत आगस्तीनने या मताशी आयुष्याची अखेरची वर्षे झुंज दिली आणि ४१८ सालच्या कार्थेजच्या परिषदेने ते मत नाकारले. पुढे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली शिकवले की, स्नानसंस्काराने मूळ पापाची क्षमा होते, तरी पापाकडे ओढणारा कल माणसात शिल्लक राहतो; तो स्वतः पाप नव्हे, त्याच्याशी झुंजायचे असते. १५४७ साली याच परिषदेने असेही स्पष्ट केले की, नीतिमान माणसांच्या हातूनही दैनंदिन लहान पापे घडतात, पण त्यामुळे ती माणसे नीतिमान असण्याची थांबत नाहीत. म्हणजे इंजिन चालू आहे, गाडी वाट कापते आहे, आणि खाली थेंबही पडतो आहे. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

हे ज्याला मान्य होत नाही तो काय करतो? तो आवळत सुटतो. आम्हीही तेच केले. बुलेटच्या डाव्या बाजूचे प्रायमरी चेनचे झाकण मध्यभागी एकाच मोठ्या नटावर बसते. तेथून तेल झिरपताना पाहून आम्ही पाना घेतला आणि जोर लावून नट घट्ट केला. दुसऱ्या दिवशी थेंब वाढले. आणखी आवळला, आणखी वाढले. शेवटी मिस्त्रींना बोलावले. त्यांनी झाकण काढून काचेवर पालथे ठेवले, कडेखालून येणारी उजेडाची चीर आम्हाला दाखवली आणि म्हणाले, "फादर, गळती तेलाची नव्हती तेवढी तुमच्या हाताची आहे. तुम्ही झाकणच वाकवून ठेवलंत." अतिरेकी जोराने सांधा मिटत नाही, तो विद्रूप होतो.

प्रायश्चित्त संस्कारासाठी बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला अशी वाकलेली झाकणे परिचित असतात. सांगितलेले पाप पुन्हा सांगणारी, क्षमा मिळाल्यावरही दारातून माघारी फिरणारी, कुमसार करून घरी जाईपर्यंत नवा संशय घेऊन तळमळणारी सज्जन माणसे आम्ही पाहिली आहेत. स्वतः लोयोलाच्या संत इग्नेशियसने १५२२ साली मानरेसा येथे हा छळ इतका भोगला की, जीव द्यावा असेही त्याच्या मनात येऊन गेले. जुनी पापे पुन्हा पुन्हा न सांगण्याचा निर्णय घेतल्यावरच त्याची सुटका झाली. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी १६०९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात प्रापंचिकांना उपदेश केला की, स्वतःच्या दोषांविषयीही सौम्यता बाळगावी. आपण चुकलो याचा संताप करणे हा पुष्कळदा गर्वाचाच एक प्रकार असतो. आमच्या मते हा उपदेश आजही तितकाच औषधी आहे.

येथवर वाचून काही वाचक समाधानाने मान डोलावतील. नेमके येथेच आम्हाला सावध व्हावेसे वाटते. कारण "दोष कुणात नसतो?" हे वाक्य जितके नम्र आहे तितकेच लबाडही होऊ शकते. ब्रिटिश कारखानदारांचेच उदाहरण घ्या. जुनी यंत्रसामग्री आणि जुने आराखडे चालू ठेवून ते वर्षानुवर्षे गाड्या विकत राहिले. मोटारसायकल म्हटली की ती तेल गाळणारच, हे गिऱ्हाइकांनीही जणू निसर्गनियम म्हणून स्वीकारले. १९६९ साली होंडाने आपली चार सिलिंडरांची सातशेपन्नास सीसीची गाडी बाजारात आणली. तिच्या इंजिनाची पेटी आडव्या रेषेत दुभंगणारी होती आणि सांधे काटेकोर होते. ती जलद धावे आणि खालची जमीन कोरडी ठेवी. ब्रिटिश उद्योग पुढील दशकात कोलमडला, त्याला कारणे अनेक होती. केवळ तेलाने तो बुडाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि, ज्याला सगळे जण स्वभावधर्म म्हणत होते त्यातील बराचसा भाग निव्वळ दुर्लक्ष होते, एवढे त्या एका गाडीने सिद्ध केले. मूळ पापाचा सिद्धान्त आळशाच्या उशाला ठेवण्यासाठी दिलेला नाही. १९९२ सालच्या कॅथॉलिक श्रद्धाग्रंथानेही बजावले आहे की, जाणूनबुजून केलेले आणि पश्चात्तापाविना राहू दिलेले लहान पाप माणसाला हळूहळू मोठ्या पापाच्या तयारीला लावते.

मग सीमारेषा कोठे ओढावी? आमच्या मिस्त्रींनी ती तीन प्रश्नांत ओढली. पहिला प्रश्न, किती? झिरपणे वेगळे आणि गळणे वेगळे; दांडी काढून पातळी पाहिल्याशिवाय यातले काहीही बोलू नये. दुसरा, वाढते आहे का? महिन्यापूर्वी दोन थेंब होते आणि आज वीस असतील, तर ते जुने दुखणे राहिलेले नाही. तिसरा प्रश्न विचारताना त्यांनी स्वर बदलला. "फादर, थेंब पडतो कुठं? जमिनीवर पडला तर पुसता येतो. वाऱ्यानं मागं उडून टायरवर गेला, तर वळणावर गाडी निसटणार. आणि तेव्हा मागं बसलेला माणूसही पडणार. त्यानं तर काहीच केलेलं नसतं."

या तिसऱ्या प्रश्नाने आम्हाला त्या रात्री झोप लागू दिली नाही. त्याचे कारण सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक भगिनी आमच्याकडे आली होती. ती प्रायश्चित्त संस्कारासाठी आली नव्हती, सल्ल्यासाठी आली होती. आणि तिची ओळख पटू नये इतपत खुणा आम्ही येथे बदलल्या आहेत. नवरा पितो आणि प्यायल्यावर हात उचलतो, असे तिने सांगितले. आम्ही तरुण होतो, उपदेशाचा साठा भरपूर होता. आम्ही म्हणालो, "बाई, दोष कुणात नाही? प्रभूनेही क्रूस वाहिला. सांभाळून घ्या, प्रार्थना करा." ती "बरं फादर" म्हणून गेली. तिने आम्हाला उलट उत्तर दिले नाही. आमच्या झग्याचा मान राखला. चार महिन्यांनी आम्ही तिला रुग्णालयात पाहिले. उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि शेजारी बसलेली तिची लहान मुलगी आमच्याकडे न पाहता भिंतीकडे पाहत होती.

आम्ही तेव्हा तिन्हींपैकी एकही प्रश्न विचारला नव्हता. किती, हे विचारले नाही. वाढते आहे का, हे विचारले नाही. थेंब कुणावर पडतो, हे तर डोळ्यांसमोर असूनही पाहिले नाही. नवऱ्याच्या दोषाची किंमत बायकोने आणि लेकराने चुकवावी, आणि त्याला आम्ही सहनशीलतेचा सद्‌गुण म्हणावे, ही आमची चूक होती. आणि अज्ञानाची सबबही आम्हाला नव्हती. १९८३ सालच्या धर्मविधिसंहितेतील ११५३ वे कलम आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर विभक्त राहण्यास ते कायदेशीर कारण मानते. पुढे २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात असेही लिहिले की, दुर्बल जोडीदाराला किंवा मुलांना गंभीर इजांपासून वाचवण्यासाठी विभक्त होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते. आपल्या देशातही कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली संमत झाला आहे. हे सारे आज आम्ही विवाहपूर्व वर्गात स्पष्टपणे सांगतो. त्या भगिनीला मात्र ते सांगितले गेले नाही.

कुणी म्हणेल, प्रभूने तर गव्हातले निदण कापणीपर्यंत वाढू द्यायला सांगितले. खरे आहे. परंतु त्या दाखल्यातील धन्याला काळजी कशाची आहे, ते पाहावे. निदण उपटताना गहू उपटला जाईल, ही त्याची भीती आहे. त्याचा संयम गव्हासाठी आहे. जेथे आमचा संयमच गहू तुडवत असेल, तेथे त्या दाखल्याचा आधार घेण्याचा अधिकार आम्हाला उरत नाही.

यावरून आम्ही एक नियम स्वतःपुरता बांधला आहे. माझा थेंब माझ्या ट्रेत पडत असेल तर त्याच्याशी मी सौम्यतेने वागावे: पातळी पाहावी, भर घालावी, पुसावे, आणि पुन्हा वाटेला लागावे. दुसऱ्याचा दोष केवळ मला टोचत असेल, तर तो सोसणे ही माझी प्रीती ठरेल. तो निर्णय माझा आहे. परंतु एकाच्या दोषाचे तेल तिसऱ्याच्या चाकाखाली सांडत असेल, तर सोसण्याचा उपदेश करण्याचा मला हक्क नाही. तेथे गाडी थांबवली पाहिजे. आणि गाडी थांबवणे म्हणजे ती भंगारात घालणे नव्हे. त्या माणसाच्या तारणाची आशा आपण सोडत नाही. फक्त तो दुरुस्त होईपर्यंत त्याच्या मागे कुणाला बसवत नाही.

ट्रेविषयीही दोन शब्द. आपल्या भागात अजून विहिरी आहेत आणि त्यांचे पाणी लोक पितात. जमिनीत मुरलेले तेल आपल्याला दिसत नाही म्हणून ते नाहीसे होत नाही. म्हणून साचलेले तेल आम्ही डब्यात भरून मिस्त्रींकडे देतो. ते जुने तेल गोळा करणाऱ्याकडे जाते. दोष मान्य करणे आणि त्याचा निचरा दुसऱ्याच्या अंगणात होऊ न देणे, ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत.

असो. बुलेट आजही ठिबकते. दर शनिवारी सायंकाळी, लोक प्रायश्चित्त संस्कारासाठी येण्यापूर्वी, आम्ही दांडी काढून पातळी पाहतो, फडक्याने इंजिन पुसतो आणि मागच्या टायरवरून बोट फिरवून ते कोरडे आहे ना, याची खात्री करतो. मग हात धुऊन चर्चमध्ये जातो. अलीकडे कुणी घरातल्या माणसाचे दुःख घेऊन आले की उपदेश करण्याआधी आम्ही त्यांना बसवतो, पाणी देतो आणि ते तीन प्रश्न विचारतो. त्या भगिनीची आम्ही पुढे क्षमा मागितली. तिने ती दिली. तिची मुलगी आता मोठी झाली आहे. ती चर्चमध्ये येते, पण आमच्याशी फारशी बोलत नाही. आम्ही तिला बोलते करण्याचा प्रयत्न करीत नाही. ज्याने एकदा नट नको तितका आवळला आहे, त्याने पाना खाली ठेवायला शिकले पाहिजे.