पडद्यावरची टेकडी

एक साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. भिंतीवर रंगवलेली टेकडी खोटी असते काय? प्रश्न पोरकट वाटेल. मलाही तो तसाच वाटला असता. परंतु गेल्या पावसाळ्यात एका छोट्या रेल्वेसाठी देखाव्याचा पडदा रंगवताना या प्रश्नाने मला असे पेचात पकडले की, तो आपल्याशी बोलल्यावाचून राहवत नाही.

माझे एक स्नेही सिकंदराबादला राहतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांची सारी हयात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी घरातील एका खोलीत छोटी रेल्वे उभारली. १२ फूट लांब व ३ फूट रुंद अशा प्लायवूडच्या फळीवर स्टेशन, सिग्नल, मालधक्का, इंजिनांना पाणी देणारी टाकी, सारे त्यांनी आपल्या हातांनी बनवले. काळ धरला १९७५चा. कारण त्या सुमारास ते नुकते नोकरीला लागले होते आणि कोळशाची इंजिने अजून धावत होती. मी हौसेने चित्रे काढतो हे त्यांना ठाऊक होते. म्हणून फळीमागच्या देखाव्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले. अट एकच होती. स्टेशनामागे मौला अलीची टेकडी दिसली पाहिजे.

अशा रेल्वेला पडदा लागतो तरी कशासाठी, हे प्रथम सांगितले पाहिजे. छोट्या रेल्वेच्या छंदात जगभर सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण १:८७ हे आहे. म्हणजे मूळ वस्तू ८७ फुटांची, तर तिची प्रतिकृती १ फुटाची. या हिशेबाने १ किलोमीटरवरची टेकडी फळीपासून साडेअकरा मीटर दूर ठेवावी लागेल आणि १० किलोमीटरवरची डोंगररांग ११५ मीटर दूर. स्नेह्यांची खोली जेमतेम ४ मीटर लांब आहे. तेव्हा स्टेशन लाकडाचे करता येते, झाडे तारेची व भुशाची करता येतात. पण दूरपणा कशाचा करायचा? तो रंगानेच करावा लागतो.

त्याचे काही नियम आहेत आणि ते हात काळे-निळे झाल्याशिवाय समजत नाहीत. पडद्यासाठी आम्ही हार्डबोर्ड घेतला आणि खोलीच्या कोपऱ्यात तो गोलाकार वाकवला. कारण आकाशात उभी कड दिसली की सारा आभास मोडतो. आकाश माथ्यावर निळे असते, परंतु क्षितिजाकडे येताना ते फिके होत जाते, आणि आपल्या दख्खनच्या उन्हाळ्यात तर तेथे धुळीची पिवळट झाक येते. वस्तू जसजशी दूर जाते तसतसा तिचा रंग निवळतो, तिच्यात निळेपणा मिसळतो, उजेड व सावली यांतील अंतर कमी होते. म्हणून दूरच्या भागात काळा रंग अजिबात वापरायचा नाही. दिवा फळीच्या पुढच्या बाजूला, वर टांगायचा. नाहीतर स्टेशनच्या छपराची सावली आकाशावर पडते. उडता पक्षी रंगवायचा नाही, कारण गाडी पुढे निघून जाते आणि पक्षी जागच्या जागी राहतो. पाहणाऱ्याकडे सरळ येणारा रस्ताही रंगवायचा नाही. तो एकाच जागेवरून बरोबर दिसतो. पाहणारा दोन पावले सरकला की वाकडा होतो.

क्षितिज किती उंचीवर आखावे, यावर आमचा अर्धा दिवस गेला. क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते. स्नेही उंच, मी ठेंगणा आणि त्यांचा नातू सात वर्षांचा. कोणाचे क्षितिज खरे मानावे? अखेरीस खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची धरली. नातवाला उभ्याने तेवढी उंची पुरत होती.

फळी व पडदा जेथे मिळतात तेथे सर्वांत अवघड काम असते. तेथे एक बुटकी भिंत व काही झुडपे लावली. फळीवर टेकडीखालचीच माती चाळून पसरली होती. तिच्याशी जुळेल असा रंग मिसळायला मला तीन संध्याकाळी लागल्या. एवढे करून पडद्याने मागे राहायचे असते. पाहुणा गाडीकडे पाहतो. टेकडी त्याच्या लक्षातही येऊ नये, पण ती नसती तर त्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे सारे कसब डोळ्यांना चकवण्याचे आहे. चार मीटरच्या खोलीत मैलभराचे अंतर दाखवणे ही फसवणूक नव्हे काय? प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात छायाप्रकाशाच्या चित्रकलेवर हाच ठपका ठेवला आहे. आपल्या मनातील दुबळेपणाचा ही कला फायदा घेते, असे त्याचे म्हणणे. उलट संत ऑगस्टिनने इ. स. ३८६-३८७च्या सुमारास लिहिलेल्या आत्मसंवादात एक मार्मिक विचार मांडला आहे. त्याचा आशय असा की, चित्रातील घोडा खोटा घोडा असल्याशिवाय ते चित्र खरे चित्र होऊच शकत नाही. काही गोष्टींचे खरेपण त्यांच्या खोटेपणावरच उभे असते.

मराठी माणसाला हे नव्याने शिकवायला नको. संगीत नाटकांच्या वैभवाच्या काळात रंगवलेल्या पडद्यांवर राजवाडे, उद्याने व अरण्ये उभी राहत. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी अशा पडद्यांसाठी नावाजलेले होते. पडदा उघडताच टाळ्या पडत. पण समोर खरे अरण्य आहे असे समजून कोणी प्रेक्षक घाबरून पळाल्याचे ऐकिवात नाही. जेथे पाहणारा व दाखवणारा दोघेही मर्म जाणतात, तेथे फसवणूक होत नाही. त्याला खेळ म्हणतात.

माझ्या स्नेह्यांची तर याहून मोठी गंमत होती. भारतीय ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ने भागले तर १९ मिलिमीटरपेक्षा थोडे अधिक येते. बाजारात मिळणारे छोटे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे असतात, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या परदेशी मार्गाप्रमाणे बनवलेले असतात. ज्या गृहस्थाने आयुष्यभर रेल्वेत सुतभर चूक खपवून घेतली नाही, तो आपल्या खोलीत पावणेतीन मिलिमीटरचे असत्य आनंदाने नांदवत होता. “अहो, एवढे चालायचेच,” असे ते हसत म्हणाले.

येथेच हा लेख संपला असता, जर त्या बाई आल्या नसत्या.

स्नेह्यांच्या घरी गेली बारा वर्षे धुणीभांडी करणाऱ्या या बाई पन्नाशीच्या पुढच्या आहेत. पडदा पुरा झाला त्या दिवशी सर्वांनी तो पाहिला, तसा त्यांनीही पाहिला. बराच वेळ पाहिला. मग दखनीत त्या जे म्हणाल्या त्याचा अर्थ असा: “टेकडी बरोबर आहे. वरच्या दर्ग्याच्या पायऱ्याही आहेत. पण आमची वस्ती कुठे गेली? मी इथेच जन्मले. इंजिनातून पडलेला अर्धवट जळका कोळसा माझी आई याच रुळांच्या कडेने वेचायची. त्यावर आमची चूल पेटायची.”

बोलण्यात तक्रार नव्हती. रस्ता चुकलेला माणूस विचारतो तसे त्यांनी विचारले आणि त्या कामाला लागल्या.

मी घरी जाऊन ज्या जुन्या छायाचित्रावरून टेकडी रंगवली होती ते काढून पाहिले. वस्ती त्यात होती. टेकडीच्या पायथ्याशी पत्र्यांची, ताडपत्रीची, कुडाची वीस-पंचवीस घरे स्पष्ट दिसत होती. तेथे मी पिवळे गवत रंगवले होते. कोणी मला तसे सांगितले नव्हते. मी ठरवलेही नव्हते. माझे रोजचे काम भाषांतराचे. मुळातील एखादा शब्द गळला तर मला चैन पडत नाही. येथे मात्र एक सबंध वस्ती गळली आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

वाचकहो, मी स्वतःचा बचाव करून पाहिला. चित्रकाराला सर्व काही दाखवता येत नाही. टेकडीवरील शेकडो शिळांपैकी मी तीस-चाळीसच रंगवल्या. मग शिळांवर अन्याय झाला काय? विजेचे खांब गाळले, त्यांचे काय? परंतु हा बचाव टिकला नाही. शिळा गळल्या, कारण माझा कुंचला तेवढा बारीक नव्हता. घरे गळली, कारण माझ्या डोळ्यांना ती नको होती. अंतर हे वस्तूला लहान करते, फिकी करते, निळसर करते. चित्रकार अंतराचे हे नियम पाळतो, त्यात लबाडी नाही. पण कितीही अंतर पडले तरी ते कोणाला पुसून टाकत नाही. पुसण्याचे काम माणसाचा हात करतो, आणि दोष मात्र अंतराला देतो.

स्नेह्यांचा आक्षेप वेगळा होता व तो विचार करण्याजोगा होता. “हा विरंगुळा आहे,” ते म्हणाले. “माझ्या नातवाच्या खेळात दारिद्र्य कशाला आणायचे? आणि आणले तर ते शोभेसाठीच होईल. ते अधिक वाईट नव्हे काय?”

या शंकेत तथ्य आहे. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन ॲलन नावाचे छायाचित्रकार होते. त्यांची ‘गोरी अँड डिफीटेड’ ही छोटी रेल्वे या छंदात अजूनही आदर्श मानली जाते. दूरपणाचा आभास साधण्यासाठी त्यांनी रंगवलेल्या पडद्यांबरोबर आरसेही दडवले होते. गंजलेले पत्रे, काजळलेल्या भिंती, कललेल्या झोपड्या हुबेहूब करण्याची कला या छंदात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १९७३च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि अवघ्या काही दिवसांत ती सारी सृष्टी आगीत नष्ट झाली. त्यांच्या कलेविषयी मला आदरच आहे. परंतु त्यांच्यामागून आलेल्या अनेकांच्या हातात मोडके घर म्हणजे केवळ एक खुमासदार नमुना झाला. घरात कोण राहते हा प्रश्नच उरला नाही. माणसाला गाळणे हा एक दोष, आणि त्याच्या हालांना नक्षी बनवणे हा दुसरा.

मग तिसरा मार्ग आहे काय? इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरच्या लाँग विटनहॅम गावी पेंडन नावाचे संग्रहालय आहे. त्याचे संस्थापक रॉय इंग्लंड हे १९२५ साली ऑस्ट्रेलियातून तेथे आले. खेड्यांतील जुनी गवताने शाकारलेली घरे एकामागून एक बदलत वा नाहीशी होत असलेली पाहून ते व्यथित झाले, आणि ती जशी होती तशी छोट्या प्रमाणात नोंदवून ठेवण्याचा त्यांनी निश्चय केला. १९५४मध्ये सुरू झालेल्या त्या संग्रहालयात आजही प्रत्यक्ष घरांची मोजमापे, रंग व परसदारची बाग यांचा अभ्यास करून १:७६ प्रमाणात प्रतिकृती केल्या जातात. विरंगुळा तेथे साक्ष झाला आहे.

साक्ष हा शब्द लिहिला आणि मला दहा आज्ञांतील नववी आज्ञा आठवली. ती चित्राविषयी नाही, कल्पनेविषयी नाही, खेळाविषयीही नाही. ती खोट्या साक्षीविषयी आहे, आणि तीही शेजाऱ्याविरुद्धच्या. रंगवलेल्या टेकडीने कोणाचे काही बिघडत नाही. १६.५ मिलिमीटरच्या रुळाने कोणावर अन्याय होत नाही. पण जो तेथे राहत होता तो तेथे नव्हताच, असे माझा पडदा सांगत होता. नातू मोठा झाल्यावर ‘माझ्या आजोबांच्या वेळी येथे नुसते गवत होते’ असे जर म्हणाला असता, तर तो खोटे बोलला नसता. त्याच्यासाठी मी ते आधीच बोलून ठेवले होते.

दुसऱ्या रविवारी दुपारी स्नेह्यांनी त्या बाईंना खुर्ची दिली आणि चहा पुढे ठेवला. त्यांनी बोटाने जागा दाखवली. मी रंगवत गेलो. त्यांचे घर कडुलिंबाच्या डावीकडे होते. सार्वजनिक नळ कोठे होता, कोणाच्या दारात शेळ्या बांधत, कोणत्या घराला पहिल्यांदा निळा रंग लागला, हे त्यांनी सांगितले. शेळ्या काही मला जमल्या नाहीत. त्या अंतरावर शेळी म्हणजे रंगाचा एक ठिपकाही होत नाही. घरे मी टेकडीच्या मानाने लहान व फिकीच ठेवली, कारण तेवढ्या अंतरावरून ती तशीच दिसत. चित्र पूर्वीपेक्षा सुंदर झाले असे मी म्हणणार नाही. गवताचा तो पिवळा पट्टा मला अजूनही आवडतो. परंतु गाडी आता त्या वस्तीसमोरून जाते तेव्हा नातू विचारतो, “या घरांत कोण राहायचं?” आणि स्नेह्यांना उत्तर द्यावे लागते.

प्रिय वाचकहो, आपणा प्रत्येकाच्या मागे असा एक पडदा असतो. आपण आपल्या गावाची, कुटुंबाची, मंडळीची हकिगत सांगतो तेव्हा पुढे आपली गाडी धावत असते आणि मागे काही टेकड्या आपण रंगवून ठेवलेल्या असतात. त्या रंगवाव्याच लागतात; सारेच कोणाला दाखवता येत नाही. मात्र एखादे दिवशी आपला पडदा अशा माणसाला दाखवून पाहावा की, ज्याचे घर त्या टेकडीखाली होते. तो काय म्हणतो, ते ऐकावे. आणि कुंचला तोवर धुऊन ठेवू नये.