दोन वाघ, दोन रकाने

आंबोलीच्या एका छोट्या बेडकाच्या शास्त्रीय नावात वाघ आहे: झँथोफ्रायनी टायगरिना. अंगावर पट्टे, म्हणून २००९ मध्ये हे नाव पडलं. सह्याद्रीच्या अगदी लहानशा तुकड्यात तो राहतो. आययूसीएनच्या लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

मी अलिबागचा. आमच्या भातशेतात पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन डरावणारा मोठा बेडूक आहे, त्याच्याही नावात वाघ: होप्लोबॅट्राकस टायगरिनस. यादीत त्याचा रकाना ‘किमान चिंता’.

यादी चुकीची नाही. ती एकच प्रश्न विचारते: ही जात जगातून संपण्याचा धोका किती? आढळक्षेत्र १०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, जात एकाच ठिकाणी आणि अधिवास सतत खालावणारा, तर ‘अतिसंकटग्रस्त’. आमचा बेडूक भारतभर आहे, म्हणून तो निवांत रकान्यात.

पण शेतात भराव पडून प्लॉट झाला, की तिथले बेडूक संपतात. यादीत काहीच हलत नाही.

मग सगळेच बेडूक वाचवायचे? पैसा आणि माणसं मोजकी आहेत, तेव्हा आधी आंबोली, हे मला पटतं. दवाखान्यातही आयसीयूतला पेशंट आधी बघतात. पण म्हणून जनरल वॉर्डातल्या माणसाचा जीव स्वस्त होत नाही. रकाना घाई किती ते सांगतो, किंमत नाही.

‘किमान चिंता’ हे साऱ्या जगाकडे बघून दिलेलं उत्तर आहे. भराव टाकायचा की नाही, हे ठरवताना ते आपल्याला उसनं घेता येत नाही.